सुभद्रेची चाल, राजुलचं गाणं

गुर्लहोसूर हे गाव कर्नाटकात आहे असं सांगितलं, की पुण्या-मुंबईच्या पाहुण्या बायका चमकून बघतात. मराठी संगीत नाटक म्हणजे पुणं, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण ज्या माणसानं मराठी नाटकाला गायला लावलं ते अण्णासाहेब किर्लोस्कर, म्हणजे बळवंत पांडुरंग किर्लोस्कर, ३१ मार्च १८४३ला जन्मले ते मलप्रभेच्या काठच्या या गावात, आमच्याच बेळगाव जिल्ह्यात. सौंदत्तीच्या यल्लम्माला जाणाऱ्यांना तो मुलूख नवा नाही. काळी जमीन, ज्वारी-कापूस, आणि बाजारात चारचौघी भेटल्या की पहिलं वाक्य कानडीत, दुसरं मराठीत. अशा गावात वाढलेल्या मुलाच्या कानात दोन्ही भाषांची गाणी लहानपणापासून पडली. पुढं जे झालं ते त्या कानांमुळे झालं, असं माझं ठाम मत आहे.

गावाची आणखी एक गोष्ट बायकांनी लक्षात ठेवण्यासारखी. उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करही याच गावचे, याच कुळातले. त्यांनी १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं, आणि १९१०नंतर कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्याच किर्लोस्करवाडीतून १९३० साली ‘स्त्री’ मासिक निघालं. माझ्या आईच्या पिढीनं ते उशाशी ठेवून वाचलं. म्हणजे सुभद्रेची गाणी आणि ‘स्त्री’चे अंक, दोन्हींचा धागा एकाच उंबऱ्यापाशी जातो.

आता नाटकाकडे येते. अण्णासाहेबांच्या आधीही मराठी नाटक होतं. विष्णुदास भाव्यांनी सांगलीच्या राजवाड्यात ५ नोव्हेंबर १८४३ला ‘सीता स्वयंवर’ केलं. म्हणजे अण्णासाहेब तेव्हा सात महिन्यांचे. आणि भाव्यांना तरी ते कुठून सुचलं? त्याच्या आदल्या वर्षी कारवारकडची एक कानडी भागवत मंडळी सांगलीला खेळ करून गेली होती. तो खेळ सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांना आवडला, आणि तसं काही मराठीत करा असं त्यांनी भाव्यांना सांगितलं. म्हणजे मराठी नाटकाचं बी कानडी खेळातून आलं. हे सांगताना आमच्याकडे कुणाला लाज वाटत नाही. वाटायचं कारणही नाही.

पण भाव्यांच्या नाटकात गायचं काम सूत्रधाराचं. राम रडला तरी गाणार सूत्रधार, सीता हसली तरी सूत्रधारच. पात्रं हातवारे करायची आणि वेळेला चार वाक्यं बोलायची. अण्णासाहेब बेळगावच्या शाळेत शिक्षक होते, नंतर सरकारी कचेरीत नोकरीला लागले, आणि नोकरी सांभाळून नाटकाचा नाद करत राहिले. १८८० साली पुण्यात त्यांनी पारशी मंडळीचा ‘इंद्रसभा’चा खेळ पाहिला. तिथं पात्रं स्वतः गात होती. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला ‘शाकुंतल’चे पहिले चार अंक पुण्यात रंगभूमीवर आले. शकुंतलेचं दुःख शकुंतलेनंच गायचं. आज हे इतकं साधं वाटतं, की त्यात काय मोठं, असं कुणीही म्हणेल. पण जिचं दुःख तिच्याच तोंडी गाणं, ही गोष्ट तेव्हा नवी होती.

दोन वर्षांनी, १८८२च्या नोव्हेंबरात, ‘सौभद्र’चे पहिले तीन अंक झाले आणि पुढच्या वर्षी पूर्ण पाच. योगायोग असा, की त्याच नोव्हेंबरात लंडनला गिल्बर्ट आणि सलिव्हन या जोडीचा ‘आयोलँथी’ हा संगीत खेळ सुरू झाला. त्यांचे खेळ करणारी डॉयली कार्ट कंपनी पुढं १९८२पर्यंत चालली. आपली किर्लोस्कर मंडळी तितकी टिकली नाही. अण्णासाहेब १८८५ सालीच गेले, वय अवघं बेचाळीस. कंपनी पुढं भाऊराव कोल्हटकर, गोविंद बल्लाळ देवल अशांनी चालवली. १९१३ला बालगंधर्व बाहेर पडले, आणि नंतर कंपनी हळूहळू विझत गेली. कंपनी गेली पण सौभद्र राहिलं. दीडशे वर्षांला आता थोडीच वर्षं कमी आहेत, आणि अजूनही कुठं ना कुठं सौभद्रचा प्रयोग लागतो.

का राहिलं? पंडित लोक रागांची नावं घेऊन उत्तर देतात. मला त्यातलं फारसं कळत नाही. पण एक जुनं सौभद्रचं पुस्तक घेऊन बसा. प्रत्येक पदावर लहान अक्षरात एक ओळ दिसेल: ‘चाल अमुक’. ती ओळ वाचायची आपल्याला सवय नाही, पण सगळी गंमत तिथंच आहे. अण्णासाहेबांनी चाली शोधायला फार लांब जायची गरज पडली नाही. कीर्तनातली साकी, दिंडी, लावणीची चाल, बायकांच्या गाण्यांच्या चाली, आणि आपल्या मुलखातल्या कानडी पदांच्या चाली, हे सगळं त्यांनी उचललं. सौभद्रात शंभराहून जास्त पदं. त्यातली कितीतरी अशी, की पहिल्या प्रयोगाला बसलेल्या माणसाला शब्द नवे आणि चाल ओळखीची. ओळखीच्या चुलीवर नवा पदार्थ शिजला म्हणा ना. पहिल्या रात्रीच प्रेक्षक गाणं अर्धं घरी घेऊन गेला असेल.

आणि घरी घेऊन गेलेलं गाणं म्हणजे बायकांच्या हाती गेलेलं गाणं.

नाटक काय आहे ते एकदा आठवून बघा. नाव द्वारकेचं, पण घर आपलंच. थोरल्या भावानं, बलरामानं, बहिणीचं लग्न दुर्योधनाशी ठरवलंय. बहिणीला विचारलेलं नाही. तिचं मन अर्जुनावर. धाकटा भाऊ कृष्ण सगळं जाणून आहे, पण थोरल्यासमोर उघड बोलत नाही. मागून दोऱ्या हलवतो. अर्जुन संन्याशाचं सोंग घेऊन वाड्यात येऊन बसतो, आणि बलरामच त्याच्या सेवेला सुभद्रेला लावतो. रुक्मिणी कृष्णावर रुसते, कृष्ण तिची समजूत काढतो. शेल्यावरून सुभद्रेची जी घालमेल होते, ते पद माझ्या वयाच्या बायकांना वेगळं सांगायला नको. युद्ध नाही, शाप नाही, राक्षस आहे पण तोसुद्धा घरचाच, भीमाचा मुलगा. सगळं भांडण एवढंच, की या मुलीला विचारणार कोण?

१८८२ हे साल बायकांच्या इतिहासात साधं नाही. त्याच साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांची ‘स्त्रीपुरुषतुलना’ छापून आली. त्याच साली पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज काढला. दोन वर्षांनी मुंबईत रखमाबाईंचा खटला उभा राहिला. लहानपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे मी जाणार नाही, असं एक बाई कोर्टात सांगत होती. सौभद्र पाहणाऱ्यांच्या डोक्यात हे सगळं एकत्र होतं असं मी म्हणत नाही. अण्णासाहेबांनी सुधारणेचा झेंडा घेऊन नाटक लिहिलं नव्हतं. पण हवा तीच होती. सुभद्रा दादाच्या तोंडावर एक शब्द बोलत नाही. जे बोलायचं ते गाऊन बोलते. ज्या घरांत सुनांना, मुलींना बोलायची सोय नव्हती तिथं हे गाणं का रुजलं, त्याला रागदारीचा पुरावा कशाला हवा?

त्यात विचित्र गोष्ट अशी, की ही सुभद्रा होती पुरुष. बायकांना रंगमंचावर जागा नव्हती. भाऊराव कोल्हटकरांनी शकुंतला केली, सुभद्रा केली, आणि लोक वेडे झाले. भाऊराव फेब्रुवारी १९०१ला गेले. ग्रामोफोनवाले हिंदुस्थानात ध्वनिमुद्रण करायला आले ते १९०२च्या शेवटी. एवढ्या थोडक्यासाठी तो आवाज कायमचा हुकला. पण चाली हुकल्या नाहीत, कारण त्या तबकडीवर अवलंबून नव्हत्या.

पुढं १९०५ला मिरजेत नारायण राजहंस, म्हणजे बालगंधर्व, शकुंतला म्हणून उभे राहिले, आणि बायकांनी त्यांच्याकडे बघून पदर कसा घ्यावा, खोपा कसा घालावा हे शिकायला सुरुवात केली. पुरुषानं बाईचं काम करायचं आणि बाईनं त्याच्याकडे बघून बाई व्हायचं! माझ्या मुलीला हे सांगितलं तेव्हा ती खूप हसली. मी नाही हसले. आमच्या आज्यांना दुसरा आरसाच नव्हता.

पुढं हिराबाई बडोदेकरांनी भावंडांना घेऊन नाटक मंडळी काढली आणि बायकांचं काम बायका करू लागल्या. १९४९ला जयराम आणि जयमाला शिलेदारांनी ‘मराठी रंगभूमी’ ही संस्था काढली. त्यांनी आणि त्यांच्या मुलीनं, कीर्ती शिलेदारांनी, सौभद्र गावोगाव नेलं. कीर्तीताई जानेवारी २०२२ला गेल्या. त्यांची सुभद्रा पाहिलेल्या बायका आमच्या भागात पुष्कळ आहेत, आणि त्या प्रयोगाचं अजून बोलतात, गेल्या आठवड्यात पाहिल्यासारखं.

इथं एक भेद सांगते. बालगंधर्वांच्या काळात नाट्यसंगीत फार चढलं. १९११च्या ‘मानापमान’ला गोविंदराव टेंब्यांच्या चाली, १९१६च्या ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखल्यांच्या. ते गाणं मोठं आहे, बैठकीचं आहे. त्याला गळा पाहिजे, तालीम पाहिजे. किर्लोस्करांचं पद तसं नव्हे. ते शब्दाला धरून चालतं, फार वर जात नाही, फार खाली येत नाही, एका दमात कडवं संपतं. भाकरी थापता थापता म्हणता येतं. म्हणून ‘स्वयंवर’ मैफिलीत टिकलं आणि ‘सौभद्र’ माजघरात. जाणकार रागावतील, रागावू देत.

देवलांचं नाव वर आलं. अण्णासाहेब बेळगावच्या शाळेत शिकवत होते तेव्हा देवल तिथं विद्यार्थी होते. गुरुजींच्या नादानं शिष्यही नाटकात पडला. त्यांनी १८९९ला ‘शारदा’ आणलं. म्हाताऱ्या, पैसेवाल्या नवऱ्याला विकली जाणारी कोवळी पोर. तिची गाणी तर बायकांनी उचलून धरलीच. १८९९ हे साल आपल्या समाजाला वेगळ्या कारणानं पाठ आहे. त्याच वर्षी निपाणीजवळ स्तवनिधीला दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली. बालविवाह नकोत, मुलींना शिकवा, हे सभेच्या व्यासपीठावरून सांगितलं जाऊ लागलं. व्यासपीठावरचा ठराव किती घरांत पोचला असेल? शारदेचं रडगाणं मात्र पोचलं. परसात पोचलं, विहिरीवर पोचलं. पुढं १९२९ला बालविवाहाविरुद्धचा कायदा झाला. तो हरविलास सारडांच्या नावानं, पण आमच्याकडे जुनी माणसं त्याला सरळ ‘शारदा कायदा’ म्हणायची आणि तो नाटकातल्या शारदेमुळे झाला असं समजायची. हिशेब कागदावर चूक. पण मनाचा हिशेब काय असतो ते त्यावरून कळतं.

आता आमच्या घरातली वही. माझ्या आजेसासूबाईंना सगळं घर अव्वा म्हणायचं. त्यांचं माहेर चिकोडीकडचं, कानडी, सासर निपाणीकडचं, मराठी. त्यांची एक वही होती, लाल कापडाच्या पुठ्ठ्याची, आता पानं बिस्किटासारखी तुटतात. तीत दोन्ही भाषांची गाणी, पण सगळी देवनागरीत. कानडीसुद्धा देवनागरीत, कारण शाळा मराठी झालेली. चोवीस तीर्थंकरांची आरती, महावीर स्वामींचा पाळणा, जन्मकल्याणकाची पदं, ‘भरतेश वैभव’मधले काही कानडी तुकडे. ते रत्नाकरवर्णीचं काव्य सांगत्य छंदातलं, मुळात गायचंच, आणि आमच्याकडच्या बायकांनी ते गाऊनच सांभाळलं. आणि प्रत्येक गाण्यावर, अगदी सौभद्रच्या पुस्तकात असते तशी, बारीक अक्षरात ओळ: ‘चाल…’. त्यापुढं कधी एखादं कीर्तनातलं पद, कधी कानडी गाणं, कधी नाटकातलं.

राजुलच्या विलापावर ‘चाल’ म्हणून सुभद्रेचं पद आहे. तेच, ज्यात ती आता कुणाच्या पायाशी जाऊ असं विचारते.

नेमिनाथ आणि राजुलची कथा आपल्या घरात लहान पोरीलाही ठाऊक असते, तरी दोन ओळी लिहिते. नेमिकुमार कृष्णाचे चुलतभाऊ. त्यांचं लग्न राजुलशी ठरवण्यात कृष्णाचाच पुढाकार. वरात दाराशी आली, आणि मेजवानीसाठी कोंडलेल्या जनावरांचा आक्रोश नेमिकुमारांच्या कानी पडला. ते रथ फिरवून गिरनारकडे निघून गेले. हातावर मेंदी, अंगावर शालू, आणि राजुल दारात उभी. पुढं तीही दीक्षा घेते, पण त्याआधीची ती जी घटका आहे, ती बायकांनी शतकानुशतकं गायली. अव्वांच्या कुणा मैत्रिणीनं किंवा अव्वांनीच त्या घटकेला सुभद्रेची चाल लावली. कृष्ण दोन्हीकडे आहे. एकीकडे बहिणीचं लग्न जुळवतो, एकीकडे भावाचं. सुभद्रेला हवा तो मिळतो, राजुलचा मिळालेला निघून जातो. रडणं मात्र एकाच सुरात बसलं. कुणी शिकलेल्या बाईनं हे ठरवून केलं असतं तर तिला आपण विदुषी म्हटलं असतं.

अव्वांनी सौभद्रचा प्रयोग पाहिला होता का? मी एकदा विचारलं होतं. म्हणाल्या, “आम्हाला कोण नेतंय गं नाटकाला! माझा भाऊ बेळगावला जाऊन रातभर बघून यायचा आणि सकाळी परसात दात घासत म्हणायचा. आमी ऐकून घ्यायचो.” तेवढंच. पुढं तबकड्या आल्या. मग १९५०ला धारवाड आणि १९६३ला सांगली अशी आकाशवाणी केंद्रं झाली, आणि आमच्या भागात एकाच रेडिओवर कानडी आणि मराठी दोन्ही गाणी येऊ लागली. सीमेवर एवढी भांडणं झाली. १ नोव्हेंबर १९५६ला बेळगाव, निपाणी म्हैसूर राज्यात गेले, मोर्चे निघाले, पाट्या बदलल्या, घरातल्या पुरुषांनी लाठ्या खाल्ल्या. रेडिओचा काटा मात्र रोज इकडून तिकडे फिरत राहिला.

कानडी मुलुखानंही या गाण्याला परकं मानलं नाही. केशवराव भोसल्यांनी १९०८ला ‘ललितकलादर्श’ ही मराठी नाटक मंडळी काढली ती हुबळीत. १९२१ला बालगंधर्व आणि केशवराव यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी एकत्र येऊन संयुक्त ‘मानापमान’ केलं आणि पाठोपाठ संयुक्त ‘सौभद्र’. गदगच्या शांतकवींना मात्र मराठी नाटकांचा हा जोर बघून चीड आली होती, आणि त्या चिडीतूनच त्यांनी कानडी नाटकं लिहिली. उत्तर कर्नाटकात कानडी रंगभूमी त्यामुळे उभी राहिली. मला ही चीडसुद्धा चांगली वाटते. शेजारणीच्या अंगणातली रांगोळी बघून आपणही काढायला बसावं, तशी.

आणि बेळगावपासून हाकेच्या अंतरावर सुळेभावी. तिथं ८ एप्रिल १९२४ला शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली जन्मला. घरची भाषा कानडी. तोच पुढं कुमार गंधर्व. त्यांनी ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम केला, आणि मराठी माणसांना त्यांचेच बालगंधर्व नव्यानं ऐकायला लावले. गुर्लहोसूरहून चाली पुण्याला गेल्या आणि सुळेभावीच्या पोरानं त्या पुण्याला पुन्हा समजावून सांगितल्या. आमच्या जिल्ह्याची ही फेरी कुठल्याच सीमाप्रश्नाच्या पुस्तकात नसते.

हे सगळं मी लिहायला बसले त्याला एक ताजं निमित्त आहे. गेल्या दशलक्षण पर्वात आमच्या महिला मंडळात चांगलाच वाद झाला. दोन नव्या सुनांनी एका गाजलेल्या सिनेमागीताच्या चालीवर जिनभजन बसवलं होतं. शब्द शुद्ध, अर्थ चांगला, पोरी तयारीच्या. पण एक थोरल्या अक्का उठल्या. “बस्तीत सिनेमाच्या चाली चालायच्या नाहीत. आपल्या परंपरेच्या चाली कुठं मेल्यात का?” पोरींचे चेहरे पडले. एकजण नंतर मला म्हणाली, “काकी, परंपरेच्या चाली म्हणजे नेमक्या कुठल्या, ते कुणी सांगेल का?”

अक्कांचं म्हणणं सगळंच खोटं नाही. जी चाल ऐकली की पडद्यावरचा नाच डोळ्यांपुढं येतो, ती घेऊन उत्तम क्षमेचं भजन म्हटलं तर चित्त कुठं जाईल? हे अक्कांना विचारावंसं वाटणं साहजिक आहे. देवापुढं बसल्यावर मन एका जागी राहायला मदत करणारी चाल आणि न करणारी चाल, असा फरक आहेच. पण अक्का ज्या आरतीला परंपरा म्हणतात, ती दर पौर्णिमेला त्याच अग्रभागी बसून म्हणतात, तिची चाल अव्वांच्या वहीत लिहिलेली आहे, आणि ती नाटकातली आहे. कृष्ण रुसलेल्या रुक्मिणीची मनधरणी करतो, त्या पदाची. शंभर वर्षांपूर्वी कुणा थोरल्या अक्कांनी तेव्हाही म्हटलंच असणार, की बस्तीत नाटकाच्या चाली चालायच्या नाहीत. नाटकवाल्यांना तेव्हा भाड्यानं घर मिळायची मारामार होती! त्या चालीतला नाच लोक विसरले, आणि चाल आरतीची झाली. किती वर्षं लागली ते वहीत नाही.

मी मंडळात वही नेली. कुणाला हरवायला नव्हे, दाखवायला. अक्कांनी चष्मा लावून ती ‘चाल’ची ओळ दोनदा वाचली. मग म्हणाल्या, “हे अव्वांचंच अक्षर काय?” मी हो म्हटलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. शेवटी एवढंच म्हणाल्या, की सिनेमाचं ते भजन हळू लयीत म्हणून बघा, ढोलकी नको. पोरींनी ते कबूल केलं. ढोलकी गेल्यावर गाणं बरंच सुधारलं, हे मला सांगितलं पाहिजे.

पण खरी अडचण नंतर निघाली. वहीतली कितीतरी गाणी आता कुणाला येत नाहीत. शब्द आहेत, ‘चाल’ची ओळ आहे, पण ओळीत ज्या गाण्याचं नाव लिहिलंय ते गाणंच मेलेलं. तीन-चार कानडी गाण्यांची तर आम्ही चिकोडीपर्यंत चौकशी केली. एका ठिकाणी एका आजींना पहिला शब्द ऐकून काहीतरी आठवल्यासारखं झालं, पण सूर काही उमटला नाही. ज्या गाण्यांवर नाटकातली चाल आहे, ती तेवढी शाबूत, कारण ते पद अजून रेडिओवर, मोबाइलवर कुठंतरी वाजतंय. कानडी मुळातलं जे अण्णासाहेबांनी उचललं ते वाचलं. जे त्यांनी उचललं नाही ते गेलं.

दिवाळीत धाकट्या सुनेनं सासूबाईंना समोर बसवून राजुलचं गाणं मोबाइलवर भरून घेतलं. सासूबाई आता चौऱ्याऐंशीच्या आहेत. दोन कडवी नीट झाली, तिसऱ्याला अडल्या. सूर हाती लागेना. “थांब गं जरा,” म्हणाल्या, डोळे मिटले आणि आधी सुभद्रेचं पद म्हणून घेतलं, सगळं. मग राजुलचं तिसरं कडवं आपोआप आलं. सुनेनं दोन्ही भरून घेतली.